सातवा रकाना

कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत
सातव्या रकान्यापाशी माझं पेन अडलं:
हथियार का क्रमांक.

'नहीं है,' म्हटलं.
कुलश्रेष्ठबाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला.
'नहीं है, या मिटाया गया है?'
हे त्यांना तीनदा विचारावं लागलं, दर वेळी मोठ्यानं;
तिसऱ्यांदा बाकावरचे सगळे माझ्याकडे वळले.
अडुसष्टाव्या वर्षी, दौलतगंजच्या टायपिंग क्लासची बाई मी,
संशयित झाले.

बाबूजी, ही तोड्याची बंदूक.
हिच्या काळी लोखंडाला आकडे नव्हते.
लोहारानं नळीच्या बुडाशी
एक पिंपळपान ठोकलंय, बस.
देठ वाकडा आहे.
हातोडी उचलली आणि घरातून कुणी जेवायला हाक मारली असेल.

आमच्याकडे तिनं कधी बार काढला नाही.
सासऱ्यांनी तिला मच्छरदाणीची काठी केली,
ह्यांनी पडद्याची.
आणि ज्या वर्षी स्वर्णरेखा नाला घरात शिरला
त्या वर्षी मी तिच्या टोकानं
कमलेशभाभींची वाहून चाललेली परात ओढून काढली.
एवढीच तिची मर्दुमकी. लिहून घ्या.

गिऱ्हाईक आहे, बडोद्याचे एक झवेरी.
पानाचा फोटो बघून हळवे झाले,
मग म्हणाले, कागद आधी.
पैशांत माझ्या दोन्ही कानांची यंत्रं येतील.

ठाण्यात म्हणाले, जुनी आहे तर पुरातत्त्वकडे जा.
पुरातत्त्वच्या मॅडम म्हणाल्या, चालते का?
चालत असेल तर ठाणं.
चालत नसेल तर तसा दाखला.
दाखला देणारे मिस्त्री पोलीस लाइनीत,
ते म्हणाले, चालत नाही हे चालवून बघावं लागेल,
आणि बिननंबरी हत्याराला
मी हात लावत नाही, माताजी.

कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली
एक अर्जनवीस कानाशी आला (डाव्या; तो जरा बरा आहे):
काय एवढं, नंबर टाकून घ्या की.
भांड्यांवर नावं घालतो ना, तो पोरगा,
दोनशेत काम.

गेले होते. खोटं कशाला बोलू.
त्याच पोराच्या बापानं माझ्या लग्नाच्या
घंगाळावर नाव घातलं होतं, 'चि. सौ. कां.' सकट.
मशीन घरघरलं, मला फक्त हातात कळलं.
'क्या लिखूँ, आंटी? जन्मतारीख?'
सुई पानाच्या देठापासून एक बोटावर.
मी बंदूक काढून घेतली,
लुगड्यात गुंडाळली,
त्याला चहाचे पैसे दिले.

वाटेत आठवलं:
क्लासची तीस मशीनं मी किलोवर विकली.
प्रत्येकाच्या पोटाखाली नंबर होता,
फ आणि झ कुणाचे अडकतात ते मला तोंडपाठ होतं.
तीस वर्षं त्यांनी माझ्या कानांत गोळीबार केला.
भंगारवाल्यानं एकही आकडा वाचला नाही,
काटा बघितला, नोटा मोजल्या.

शेवटी हुकूम झाला: चौकशी होईपर्यंत माल जमा.
मालखान्यातल्या शिपाई पोरीनं, तोमर आडनाव होतं,
सुतळीनं नळीला पुठ्ठा बांधला.
वर स्केचपेननं: ४१७.
गाठ नेमकी पानावर आली.
म्हटलं, बेटी, जरा सरकव.
तिनं सरकवली. देवाची माणसं असतात कुठंकुठं.

पावती घेऊन परत कुलश्रेष्ठबाबूंकडे.
आता आहे नंबर, म्हटलं, लिहू?
'वह तो रस्सी का नंबर है, बाईसाहब,
हथियार का नहीं.'

मग मी पेन घेतलं
आणि सातव्या रकान्यात
एक पिंपळपान काढलं,
शिरांसकट,
देठ थोडा वाकडा.

बाबू उठून उभे राहिले, हात हलवत
बरंच काही बोलत होते.
मी उजवा कान पुढे केला.